रोजच्या गाडीने डोंगरात जाणाऱ्या कुटुंबांसाठी : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : खासगी एसयूव्हीतील सुरक्षित बदलांची यादी, तपासणी आणि आरसीवर नोंद

महोदय,

डोंगरात, धरणाकाठी, किनारपट्टीच्या गावात कुटुंबासह तंबू ठोकून दोन दिवस राहणारे पुष्कळ लोक आता आपल्या राज्यात आहेत. या हौसेसाठी वेगळी गाडी ठेवणे फार थोड्यांना परवडते. सोमवार ते शुक्रवार मुलांना शाळेत सोडणारी, चाकण-हिंजवडीच्या कोंडीत तासन्‌तास उभी राहणारी, आईला दवाखान्यात नेणारी जी एसयूव्ही असते, तीच शुक्रवारी संध्याकाळी सामान भरून वेल्हे, भंडारदरा किंवा तापोळ्याच्या रस्त्याला लागते. शेवटचे चार-पाच किलोमीटर दगडगोट्यांचे असतात, कधी ओढा असतो, कधी नुसता चिखल. त्यासाठी गाडीत काही बदल करावे लागतात. माझ्या गाडीत मी केले आहेत, माझ्या ओळखीच्या अनेकांनी केले आहेत.

यांतले कोणते बदल चालतील, कोणते तपासणीनंतर चालतील आणि कोणते कुठल्याही परिस्थितीत चालणार नाहीत, हे आपल्या कार्यालयाने मराठीत, लेखी आणि चित्रांसह जाहीर करावे. आणि तपासणीयोग्य बदल तपासून आरसीवर नोंदवून घेण्याची सोय राज्यातल्या प्रत्येक आरटीओत करावी. एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

कायदा काय सांगतो हे मी वाचले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. रस्त्यावरची गाडी कारखान्यातून जशी तपासून निघाली तशीच राहावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण कलम ५२ च्याच स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की, वाहनाच्या रचनेत केलेल्या ज्या फेरफाराने त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, त्यालाच 'बदल' म्हणायचे. मग टपावर बसवलेले कॅरियर कशात मोडते? त्याच मापाचे पण जाड खाचांचे टायर? गाडीच्या पोटाखाली, इंजिनच्या चेंबरला दगड लागू नये म्हणून लावलेला पत्रा? मालकाला वाचून समजेल असे एकत्रित उत्तर मला कुठेही मिळाले नाही.

उत्तर नसल्यामुळे प्रत्यक्षात काय घडते, ते सांगतो. ताम्हिणीकडे जाताना एका नाक्यावर आमची गाडी थांबवली गेली. साहेबांनी टपाच्या कडेला बांधलेली गुंडाळी कनात, जिला आम्ही ऑनिंग म्हणतो, ती पाहिली. "हे काय लावलंय? आरसीवर आहे का?" मी उघडून दाखवली. दोन खांबांवर उभी राहणारी कापडी सावली. त्यांनी हसून जा म्हटले. पुढे दुसऱ्या नाक्यावर त्याच कनातीसाठी चलान फाडले गेले. कनात तीच, कायदाही तोच, आणि दोन्ही अधिकारी आपापल्या परीने प्रामाणिक. मी नंतर एका आरटीओ कार्यालयात विचारायला गेलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, "लिहून काही देता येणार नाही. पासिंगच्या वेळी काढून या, मग लावा." त्यांचाही दोष मी मानत नाही, त्यांच्यासमोर कुठलाच कागद नव्हता ज्यावर बोट ठेवून ते हो किंवा नाही म्हणतील.

"काढून या, मग लावा" या सल्ल्यावर आज हा सगळा व्यवहार चालतो, आणि खरा धोका तिथेच आहे. जो बदल कधी तपासला जाणार नाही, तो कसाही केला तरी चालतो अशी समजूत गॅरेजमध्ये रुजते. चांगले फिटर आहेत, मापात काम करणारे आहेत. पण त्यांच्याच शेजारी स्प्रिंगखाली लोखंडी पक, म्हणजे जाड चकती, ठेवून गाडी तीन इंच उचलून देणारेही आहेत, आणि ग्राहकाला दोघांतला फरक कळायला मार्ग नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते तशी आमची गत झाली आहे. रीतसर, महागडे, तपासलेले भाग लावणारा आणि भंगारातून काढून वेल्डिंग करणारा, दोघेही कायद्याच्या दृष्टीने सारखेच संशयित.

टायरपासून सुरुवात करतो, कारण कच्च्या रस्त्यासाठी सर्वात उपयोगी बदल तोच. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीकडून २५५/६० आर १८ मापाचे टायर येतात. गणित करून पाहा. २५५ चे ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर, ही टायरची भिंत. ती वर आणि खाली मिळून ३०६, अधिक १८ इंची रिमचे ४५७. एकूण ७६३ मिलिमीटर. आता त्याच गाडीला १७ इंची रिमवर २५५/६५ चा टायर लावला, तर बेरीज पुन्हा ७६३ च येते. चाकाची उंची तीच, स्पीडोमीटर तेच दाखवणार, ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसला फरक जाणवणार नाही. १७ इंची रिम तर कंपनी स्वतःच खालच्या व्हेरियंटला देते. फरक इतकाच की टायरची भिंत १३ मिलिमीटरने वाढते, आणि दगडावर आपटल्यावर रिम वाकण्याआधी ती १३ मिलिमीटर रबर मार खाते. शिवाय रेतीत किंवा चिखलात हवा कमी करून चालवायला जागा मिळते. यात धोका कुठेच नाही. उलट रात्री अकरा वाजता, मुले मागे झोपलेली असताना, मोबाइलला रेंज नसलेल्या जागी टायर फाटण्याची शक्यता कमी होते.

याच्या उलट ३२ इंची टायर लावले की चाक ८१० मिलिमीटरच्या पुढे जाते. सहा टक्के वाढ. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०६ ने धावते. चाक जड झाल्याने ब्रेक लांब लागतो. वळताना टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो, म्हणून लोक ते प्लॅस्टिक कापतात. द्रुतगती मार्गावर अशी गाडी माझ्या कुटुंबाच्या गाडीमागे असू नये असे मलाही वाटते. हे दोन्ही बदल "टायर बदलले" या एकाच शब्दात मोजणे बरोबर नाही, आणि ते वेगळे ओळखणे अवघडही नाही. टायरच्या भिंतीवर सगळे छापलेले असते. २५५/६५ आर १७ पुढे ११० टी असे लिहिले असेल, तर तो टायर १,०६० किलो भार पेलतो आणि ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. शेवटचे चार आकडे २३२४ असतील, तर तो २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. निरीक्षकाला बॅटरी मारून हे वाचायला मिनिटभर लागेल. मूळ चाकाच्या उंचीत अमुक टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, भारांक, म्हणजे वरच्या उदाहरणातला ११०, मूळच्यापेक्षा कमी नको, टायर मडगार्डच्या बाहेर डोकावायला नको. तीन अटींत टायरचा प्रश्न मिटतो.

दुसरा विषय वजनाचा. याकडे सर्वात कमी लक्ष जाते आणि तोच सर्वात धोकादायक आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

तीन मोठी माणसे आणि दोन मुले म्हणजे २७० किलो धरा. टपावरचा तंबू ६५, त्याखालचे कॅरियर ३०. मागे डिकीत प्लायवूड आणि लोखंडी चौकटीचे खण, ५० किलो. छोटा फ्रीज, त्यातल्या दुधा-भाजीसकट ३०. त्याला चालवणारी दुसरी बॅटरी १५. पिण्या-वापरण्याचे ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो. स्वयंपाकाची पेटी २०, अंथरूण-पांघरूण आणि बॅगा ४०. आणि कोणाच्या सांगण्यावरून पुढे लोखंडी बंपर आणि रुतलेली गाडी दोराने ओढणारी विंच बसवली असेल तर आणखी ८०. बेरीज ६४० किलो. बऱ्याच मोठ्या एसयूव्हींची माणसांसकट वहनक्षमता साधारण ५०० ते ६०० किलोच्या घरात असते. म्हणजे गाडी बाहेरून दणकट, आतून ऐसपैस, आणि सगळे नीट बांधलेले असूनही ती मर्यादेपलीकडे गेलेली असते. वरंधा किंवा आंबेनळीसारखा घाट उतरताना हे जादा वजन थेट ब्रेकवर येते. मागची स्प्रिंग दबते, गाडीचे नाक वर जाते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन स्टिअरिंग सैल वाटते.

त्यात टपावरचे वजन आणखी वेगळे. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती किलो ठेवायचे याची मर्यादा दिलेली असते, आणि ती बहुधा १०० किलोच्या आतच असते. कॅरियरचे वजनही त्यातच धरायचे असते, हे विकणारा सांगत नाही. उभ्या गाडीवर तंबूत दोन माणसे झोपली तर टप ते सहन करतो. पण धावत्या गाडीच्या टपावरचे ९५ किलो प्रत्येक वळणावर गाडीला बाहेर ओढतात. गुरुत्वमध्य वर सरकला की उलटण्याचा धोका वाढतो, हे शाळेत शिकवलेले विज्ञान आहे. ते लहान मुले मागे बसलेल्या गाडीला लागू पडते तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, यादीत वजन सर्वात वर ठेवा. कुठलाही जोडलेला बदल नोंदवायचा असेल तर गाडी काट्यावर चढलीच पाहिजे. उसाच्या हंगामात प्रत्येक साखर कारखान्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या काट्यावर चढतात, महामार्गाच्या कडेलाही वजनकाटे आहेत. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा मोजून पावती घेतली की मालकाच्याही लक्षात येईल, आपण कुठे उभे आहोत. माझी खात्री आहे, ही पावती हातात पडल्यावर निम्मे लोक लोखंडी बंपरचा विचार सोडून देतील.

गाडीची उंची वाढवणाऱ्या लिफ्ट किटबद्दल थोडक्यात. मागे सतत सामान असणाऱ्या गाडीला जरा दणकट स्प्रिंग आणि त्याला जुळणारे शॉकअब्सॉर्बर लावून मूळ उंची परत मिळवणे, किंवा फार तर ४० मिलिमीटर वाढवणे, हा समजून-उमजून केलेला बदल आहे. त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइटचा रोख आणि ब्रेकच्या नळ्यांना ताण येत नाही ना हे तपासावे लागते. पक ठेवून किंवा स्प्रिंग कापून केलेला बदल वेगळ्या जातीचा आहे. तो बंदच व्हावा.

गाडी ओढून काढण्याच्या हुकाचा प्रश्न मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण यात गाडीबाहेरची माणसे मरू शकतात. बहुतेक गाड्यांना बंपरमध्ये पिळून बसवायचा एक हुक टूलकिटसोबत मिळतो. तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असतो. चिखलात आसापर्यंत रुतलेली गाडी बाहेर काढायला कितीतरी पट जास्त जोर लागतो. आपल्याकडे अशा वेळी गावातला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला भला माणूस असतो, पैसेसुद्धा घेत नाही. त्याच्याकडे साखळी किंवा वायररोप असते, ती हुकात नाहीतर सस्पेन्शनच्या दांडीत अडकवली जाते आणि तो क्लच सोडतो. बघायला अर्धे गाव जमलेले असते, पोरे सर्वात पुढे. हुक निखळला किंवा रोप तुटला तर लोखंडाचा तो तुकडा कुठल्या दिशेने जाईल हे कोणी सांगू शकत नाही. ओढताना निखळलेल्या हुकांनी आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्यांनी, म्हणजे टो-बॉलनी, जगभर माणसे दगावली आहेत. चॅसीला थेट बोल्टने जोडलेला, किती टनांचा आहे हे ज्यावर कोरलेले आहे असा हुक, बंपरच्या आत बसतो. बाहेर डोकावत नाही, पादचाऱ्याला लागत नाही. हा भाग परवानगीची गरज नसलेल्या यादीत असावा. खरे तर फोर बाय फोर म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला असे दोन हुक, पुढे एक आणि मागे एक, कारखान्यातूनच मिळायला हवेत. ही सूचना आपण केंद्राकडे पाठवावी.

वायरिंग. फ्रीज, दिवे, मोबाइल, मुलांचा पंखा, यासाठी दुसरी बॅटरी लावली जाते. ती लावणारा वायरमन फ्यूज बॅटरीच्या जवळ टाकतो की नाही, वायरची जाडी पुरेशी आहे की नाही, पत्र्यातून वायर जाते तिथे रबराची बुशी आहे की नाही, यावर आगीचा धोका ठरतो. फ्यूज काही रुपयांचा असतो. माझ्या पाहण्यात एका गाडीत तो नव्हताच, आणि पत्र्याच्या कडेवर घासून घासून वायरचे तांबे उघडे पडले होते; त्या गाडीच्या मागच्या बाकावर रोज दोन मुले शाळेत जात होती. याची तपासणी कोणीच करत नाही, कारण अधिकृतपणे अशी वायर अस्तित्वातच नसते.

आता बंदीबद्दल. बुलबारविरुद्ध केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवले, ते योग्यच होते. गाडीचे नाक चुरगळून धक्का शोषून घेण्यासाठी बनवलेले असते आणि एअरबॅगचे सेन्सर त्या हिशेबाने बसवलेले असतात. समोर लोखंडी चौकट ठोकली की तो सगळा हिशेब चुकतो, आणि पादचाऱ्याची तर गय नाही. प्रखर दिव्यांचेही तेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या १११ व्या नियमाने स्पॉटलाइट आणि सर्चलाइटला आधीच मज्जाव केला आहे. तरी एलईडी बार सर्रास दिसतात, दुचाकीवरचा समोरून येणारा माणूस आंधळा होतो. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीच्या परिसरात काजवे पाहायला जी गर्दी होते, तिथे असे दिवे लावून गाड्या उभ्या असतात. अंधारात चमकून जोडीदार शोधणाऱ्या किड्यांच्या जंगलात हजारो लुमेनचा झोत सोडणे, हे मला सहन होत नाही. इथे दंड दुप्पट केलात तरी मी आपल्या बाजूने उभा राहीन. मोठा आवाज करणारे सायलेन्सर, मडगार्डबाहेर आलेली चाके, नंबरप्लेट झाकणाऱ्या शिड्या, यांनाही हेच लागू करावे. स्नॉर्केल लावून ओढ्याच्या पुरात घुसणाऱ्यांनाही सांगायला हवे की, त्या नळीने इंजिनला हवा मिळते, गाडीला वजन मिळत नाही. दोन फूट वाहते पाणी एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकते.

हे सारे नव्याने उभारावे लागेल असे नाही. सीएनजी किटचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मंजुरी मिळालेले किट, अधिकृत फिटर, आरटीओची तपासणी, आरसीवर इंधनाची नोंद, विमा कंपनीला कळवणे आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी. लाखो मालकांनी हे केले आहे. २०० बार दाबाने भरलेला वायू डिकीत घेऊन फिरणारी गाडी आपण नोंदवून घेतो; मग तपासलेली स्प्रिंग किंवा प्रमाणित कॅरियर का नोंदवता येऊ नये? अपंग व्यक्तींसाठी केलेले बदलही आरटीओ नोंदवून घेतेच. आणि २०१९ च्या दुरुस्तीत केंद्र सरकारला रेट्रोफिटचे, म्हणजे गाडीत नंतर भाग बसवण्याचे, निकष ठरवण्याचा अधिकार दिला आहे. निकषांत बसणारा बदल केला म्हणून कंपनीची वॉरंटी रद्द समजू नये, असेही त्यात म्हटले आहे. निकष केंद्राने ठरवायचे हे मला मान्य आहे. पण त्यासाठी मसुदा करून पाठवायला महाराष्ट्राइतके योग्य राज्य कोणते? वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, रस्ते वाहतुकीवर संशोधन करणारी सीआयआरटी भोसरीत आहे, गाड्या बनवणारे कारखाने चाकण-पिंपरी-नाशिकच्या पट्ट्यात आहेत.

बाहेरचेही पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात, जिथे लोक कुटुंबासह हजारो किलोमीटर कच्च्या रस्त्याने जातात, तिथे व्हीएसबी १४ नावाची संहिता आहे. ठरावीक मर्यादेतले बदल थेट करता येतात, त्यापुढच्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत भागासोबत तपासणीचा कागद येतो आणि गरजेप्रमाणे तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. दोन्ही देशांत रस्त्यावरचे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. तिथे काय चालेल हे आधी लिहून ठेवले आहे, म्हणून काय चालणार नाही यावर कडक राहता येते.

आपल्याच सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाडीत राहून राज्य पाहा, असे निमंत्रणच ते. मोठी कॅराव्हॅन विकत घेणे किंवा भाड्याने घेणे सगळ्यांना जमणार नाही. सामान्य कुटुंबाची कॅराव्हॅन म्हणजे घरासमोर उभी असलेली सात आसनी गाडी. तिची शेवटची रांग काढून तिथे खण आणि झोपायची फळी बसवली, तर आरसीवर आसने सात आणि गाडीत पाच. ही साधी तफावत नोंदवून घ्यायला सोपी वाट हवी. पाच आसने अशी नोंद करा, पुन्हा रांग बसवली की पुन्हा सात करा, दोन्ही वेळी शुल्क घ्या. कोणी हरकत घेणार नाही. फळी आणि खण सीटच्या मूळ बोल्टला घट्ट आहेत की नुसतेच ठेवले आहेत, हे मात्र पाहा, कारण अपघातात ५० किलोचा सुटा खण पुढच्या माणसांच्या पाठीवर येतो.

आमच्यातल्या काहींच्या वागण्याबद्दलही लिहायला हवे. हर्णै, आंजर्ले, केळशीकडच्या वाळूत भरतीत अडकलेल्या गाड्यांची चित्रे सुट्ट्यांमध्ये फिरतात. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चाकाची खोल चाकोरी म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या बोटभर पिल्लासाठी दरी असते. ते त्यात अडकते आणि समुद्रापर्यंत पोहोचण्याआधी उन्हाने किंवा कावळ्याच्या चोचीने मरते. सड्यांचेही, म्हणजे खडकाळ पठारांचेही, तसेच. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे म्हणून तिथे पहारा आहे. बाकीच्या सड्यांवर खडकाच्या खळग्यात दोन-चार बोटे माती असते, तिच्यात पावसाळ्यात दवबिंदू, सीतेची आसवे, कंदीलपुष्प उगवते. एक गाडी गोल फिरली की ती माती निघून जाते आणि पुन्हा साठायला कित्येक पावसाळे लागतात. बारसू, देवाचे गोठणे, कशेळीच्या सड्यांवर तर कातळशिल्पे आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत. जांभ्यात कोरलेल्या त्या रेषांवरून चाक नेणाऱ्याला माझ्याकडून काहीही सहानुभूती नाही.

यावर उपाय म्हणूनही मला नोंदणीच हवी आहे. गाडीतले बदल आरसीवर असतील, तर वन विभागाने किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी किनाऱ्यावर, सड्यावर, अभयारण्यात घुसल्याबद्दल तक्रार केल्यावर ती नोंद आपण निलंबित करू शकाल. आज थोडाफार दंड भरून माणूस मोकळा होतो. गाडीवरचे लाखभर रुपयांचे सामान उतरवावे लागेल हे कळले, तर तो वाळूत उतरण्याआधी दोनदा विचार करील.

पहिले पाऊल म्हणून आपल्या अखत्यारीत आहे तेवढे करावे. सर्व प्रादेशिक आणि उपप्रादेशिक कार्यालयांना एक परिपत्रक काढावे, ज्यात सुटे सामान आणि जोडलेला बदल यांतला फरक स्पष्ट असेल. गुंडाळी कनात, हवेचा पंप, रेतीत चाकाखाली टाकायच्या फळ्या, मर्यादेत बसणारे काढता-घालता येणारे कॅरियर, हे सामान आहे. त्यावर नाक्यावर चलान होऊ नये. जोडलेल्या बदलांच्या निकषांसाठी एआरएआय, सीआयआरटी, विमा क्षेत्र, वाहतूक पोलीस आणि वाहनमालक यांची एक छोटी समिती नेमून तिचा मसुदा केंद्राकडे पाठवावा. समितीत गॅरेजवाल्यांपैकी दोघे-तिघे अनुभवी मिस्त्री जरूर घ्यावेत. स्प्रिंग कुठे मोडते आणि बोल्ट कुठे झिजतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. आणि मसुदा तयार होईपर्यंत पिंपरी-चिंचवड किंवा पुणे कार्यालयात महिन्यातून एक दिवस ऐच्छिक तपासणी ठेवावी. दंड नको, नोंदही नको. वजन करा, खालून पाहा, वायरिंग पाहा आणि काय चुकीचे आहे ते लिहून द्या.

त्या तपासणीला पहिली गाडी माझी लावा. टायरची बिले, स्प्रिंगचे प्रमाणपत्र, वायरिंगचा आराखडा आणि भरलेल्या गाडीची काट्यावरची पावती फाइलमध्ये लावून ठेवली आहे. निरीक्षकांनी जे काढायला सांगितले, ते मी तिथेच, त्यांच्यासमोर काढीन.

आपला विश्वासू,
एक वाहनमालक, पिंपरी-चिंचवड